हॉपवूडला लेखन पाठवण्याआधी

अमेरिकेत ॲन आर्बरला एमएस किंवा पीएचडीसाठी येणाऱ्या आणि गुपचूप लिहिणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहितेय. इथल्या मिशिगन विद्यापीठाचा, विद्यार्थ्यांच्या लेखनाला दिला जाणारा हॉपवूड पुरस्कार इंग्रजी विभागापुरता नाही. इतर शाखांत शिकणाऱ्यांनाही त्यात भाग घेता येतो, आणि घ्यावाच.

ज्याच्या नावाने तो दिला जातो तो नाटककार एव्हरी हॉपवूड इथला 1905 चा पदवीधर. 1920 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याची चार नाटकं एकाच वेळी चालू होती. मृत्युपत्रात त्याने संपत्तीचा एक हिस्सा विद्यापीठाला दिला, तोही विद्यार्थ्यांच्या लेखनासाठी. नव्या, चाकोरीबाहेरच्या, बंडखोर लेखनाला खास उत्तेजन द्यावं अशी इच्छा लिहून. त्यातून 1931 मध्ये पुरस्कार सुरू झाला. हलकीफुलकी, गल्लाभरू नाटकं लिहिणाऱ्या माणसाने असं मागावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुरस्काराला 75 वर्षं झाली तेव्हा, 2006 मध्ये, विजेत्यांच्या निवडक लेखनाचा संग्रह निघाला. कादंबरीकार निकोलस डेलबँको त्याच्या संपादकांपैकी एक. लिहायला बसण्याआधी तो वाचा, पण परीक्षकांना काय आवडतं याचा अंदाज बांधायला नको. आधी अशा लेखकांचं वाचा ज्यांची नावं तुम्ही कधी ऐकली नाहीत. मोठ्या नावांच्या लेखनात आपल्याला त्यांची पुढची कीर्ती दिसत राहते आणि समोरचं वाक्य नीट दिसत नाही. मग विद्यापीठाच्या एंजेल हॉल या इमारतीतल्या हॉपवूड रूममध्ये जा. विजेत्यांची मूळ हस्तलिखितं तिथे जपून ठेवलेली आहेत. छापील संग्रहात निवड झालेली असते; इथे सैल प्रसंग, लांबलेले संवाद सगळं जसंच्या तसं भेटतं. वर्गातल्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा मी या खोलीत जास्त शिकले.

पुढे नामवंत नाटककार झालेल्या आर्थर मिलरचं उदाहरण घ्या. ब्रुकलिनचा हा मुलगा मोटारींच्या सुट्या भागांच्या गोदामात काम करून, पैसे साठवून 1934 मध्ये इथे आला. शिकताना प्रयोगशाळेतल्या उंदरांची देखभाल करायचा. 1936 च्या वसंतातल्या सुट्टीत त्याने पहिलं नाटक लिहिलं आणि हॉपवूडचे 250 डॉलर मिळवले. विषय काय, तर कोटांचा धंदा करणारं कुटुंब आणि कामगारांचा संप. त्याच्या वडिलांचा धंदा कोटांचाच होता. पुढच्या वर्षी त्याला पुन्हा पुरस्कार मिळाला. कवी रॉबर्ट हेडनही 1938 आणि 1942 असा दोनदा विजेता; 1976 मध्ये तो लायब्ररी ऑफ काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा, काव्य-सल्लागार झाला, त्या पदावरचा पहिला आफ्रिकन अमेरिकन कवी.

आपल्याकडच्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं एवढंच: परीक्षक अमेरिकन आहेत म्हणून आजोळ, आंबे, पहिला पाऊस असा देखावा मांडू नका. वडिलांच्या दुकानाची उधारीची वही तुम्हाला खरोखर माहीत असेल तर तिच्यावर लिहा, आणि ती समजावून सांगत बसू नका. नीट लिहिलंत तर वाचणारा मागोमाग येतो.

लेखन टोपणनावाने द्यायचं असतं. टोपणनाव असं घ्या की त्यावरून तुम्ही कोण हे कळणार नाही. नाटक, कथा, कविता, निबंध यांचे विभाग वेगळे, पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे गटही वेगळे. कोणत्या विभागात बसतो हे ठरत नसेल तर हॉपवूड रूममध्ये जाऊन विचारा, आणि मुदतीच्या आदल्या रात्रीपर्यंत थांबू नका.