पकड बसली, आता टॅप (थापा मारून हार कबूल) कधी करायचा? तालमीतून एमएमएकडे वळणाऱ्या पैलवानांसाठी

मातीत पाठ टेकली की कुस्ती गेली. म्हणून सांगली-साताऱ्याचा पैलवान खाली गेला की आधी पालथा होतो. एमएमएत (ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र चालणाऱ्या लढतीत) हीच सवय नडते, कारण समोरचा पाठीवर स्वार होऊन मागून गळा आवळतो. पट काढताना (पाय धरून पाडताना) डोके त्याच्या बगलेत राहिले तर पुढूनही मान सापडते. पाठ टेकण्याचा धसका आधी सोडा.

गळ्याच्या पकडीत हनुवटी आत आहे आणि त्याचे मनगट दोन्ही हातांनी खेचता येते, तोवर लढा. त्याच्या कोपराचा खळगा गळ्यासमोर बसून मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या दाबल्या गेल्या की साधारण १० सेकंदांत शुद्ध जाते. श्वास चालू असल्याने ‘दम आहे अजून’ असे वाटते, तिथेच फसगत होते. फेरी संपायला ४-५ सेकंदच उरले असतील तर तग धरण्यात अर्थ आहे.

सांध्याच्या पकडीत तो हिशेब नाही. आर्मबारमध्ये (कोपर उलटे वाकवणाऱ्या पकडीत) हात सरळ होण्याआधीच दोन्ही हात एकमेकांत गुंतवा. कोपर सरळ झाले आणि त्याने कंबर उचलली की टॅप. किमुरात (वाकवलेला हात खांद्यातून पिरगळणाऱ्या पकडीत) मनगट पाठीमागे वर चढू लागले की खांदा किंवा दंडाचे हाड जाते. २०११ साली एमएमए लढवय्या नोगेराने टॅप केला नाही आणि फ्रँक मीरने त्याचा दंड मोडला. तोवर ती लढत नोगेराच्या बाजूने झुकली होती!

सर्वांत वाईट हील हुक, म्हणजे टाच धरून गुडघा पिरगळणारी पकड. दुखायला लागेपर्यंत गुडघ्याचे अस्थिबंध तुटलेले असू शकतात. गुडघा अडकला, टाच त्याच्या कोपरात आली, की लगेच टॅप. शस्त्रक्रिया झाली तर नऊ महिने तरी लढत नाही, म्हणजे मानधनही नाही.

टॅप म्हणजे त्याच्या अंगावर ३-४ ठळक थापा. हात अडकले तर पाय आपटा किंवा ‘टॅप’ ओरडा. पंच मध्ये येईपर्यंत थापा थांबवू नका. टॉवेल कधी टाकायचा हे वस्तादांशी आदल्या दिवशीच ठरवा. पकडीत सापडलेल्या पैलवानाला तो निर्णय नीट घेता येत नाही. सरावात मात्र वाद नको, पकड बसली की टॅप.

शुद्ध गेलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. श्वास पाहा, कुशीवर वळवा. त्या दिवशी पुन्हा सराव नाही. अर्ध्या मिनिटात शुद्ध आली नाही तर १०८ ला फोन करा. कोपर ‘टक्’ वाजले असेल तर मालीश किंवा ओढून बसवणे टाळा. हात झोळीत घाला, कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटे ठेवा आणि त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडून एक्स-रे करून घ्या.