दरवर्षी समुद्रसफर परवडावी म्हणून घरखर्चाची मांडणी कशी करावी

आम्ही पुन्हा क्रूझला निघालो आहोत, असे कळले की ओळखीच्यांपैकी कोणी ना कोणी पगाराचा अंदाज बांधू लागते. आम्ही दोघे नोकरदार, मुलगी सातवीत आणि कोथरूडमध्ये दोन बेडरूमचा जुना फ्लॅट, असे आमचे घर आहे. आमच्यापेक्षा जास्त कमावणारी आणि तरीही 'क्रूझ आपल्याला परवडायची नाही' असे मनापासून मानणारी कितीतरी कुटुंबे आमच्याच सोसायटीत राहतात. आम्ही मात्र दरवर्षी मुंबईहून एक छोटी आणि दर दोन वर्षांनी परदेशातून एक मोठी सफर करतो. ज्यांना समुद्राची अशीच ओढ आहे, त्यांच्यासाठी ही मांडणी पायरीपायरीने लिहीत आहे.

सुरुवात तिकिटांच्या जाहिरातींपासून करू नये, वर्षाच्या आकड्यापासून करावी. आमच्या तिघांच्या छोट्या सफरीसाठी, पुण्यातल्या दारापासून परत दारापर्यंत, आम्ही ७५,००० रुपयांची मर्यादा ठरवली आहे. सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या सफरीसाठी विमान, व्हिसा, विमा आणि हॉटेल धरून २,७०,००० रुपये ठेवले आहेत. ती दोन वर्षांतून एकदा, म्हणजे वर्षाला १,३५,०००. दोन्ही मिळून वर्षाचे २,१०,००० आणि महिन्याचे १७,५०० रुपये होतात. आपले आकडे वेगळे असतील, परंतु ते असे महिन्यावर आणणे आवश्यक आहे, कारण दोन लाख ऐकले की मन घाबरते आणि विषय तिथेच संपतो, तर साडेसतरा हजार ऐकले की घरातल्या इतर मासिक खर्चांशी त्यांची तुलना करता येते.

ही तुलना करताना पहिली नजर मोठ्या हप्त्यांवर टाकावी. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी मोठी गाडी घेण्याचा विषय निघाला होता. बारा लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज आणि सात वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे १९,३०० रुपये येत होता. विमा, इंधन आणि देखभाल त्यावर वेगळी. म्हणजे त्या एका गाडीच्या हप्त्यात आमच्या सगळ्या सफरी सात वर्षे बसत होत्या आणि वर थोडे पैसे उरत होते. दोघांनी बसून विचार केला, तेव्हा जुन्या छोट्या गाडीत खरी अडचण काहीच नव्हती. ती फक्त पार्किंगमधल्या इतर गाड्यांच्या शेजारी जुनी दिसत होती. ती आजही चालते आहे. रोजच्या कामाला पत्नी वनाजहून मेट्रोने जाते आणि मी दुचाकीने. ज्याला गाडीची हौस आहे त्याने गाडीच घ्यावी, त्यात काहीच गैर नाही. मात्र मोठी गाडी, मोठा फ्लॅट, दरवर्षी नवा फोन आणि वर क्रूझ हे सगळे एकाच पगारातून बसवायला गेले की क्रूझ कर्जावर जाते.

दुसरी नजर नकळत होणाऱ्या खर्चांवर टाकावी. अप्पा बळवंत चौकातून आणलेली लाल कापडी पाठीची एक लांबट वही आमच्या फ्रिजवर असते. रविवारी सकाळी चहा घेताना आठवडाभराचा खर्च त्यात चार रकान्यांत उतरवायचा, एवढाच नियम आहे. पहिल्या महिन्यातच लक्षात आले की आठवड्यातून तीन वेळा बाहेरून जेवण मागवले जात होते आणि दर वेळी साधारण ७०० रुपये जात होते. त्यातले बहुतेक प्रसंग हौसेचे नव्हते, कंटाळ्याचे होते. तीनाचे एक केले तर महिन्याला सहा हजार वाचतात. बुधवारी रात्री मूगडाळीची खिचडी आणि भाजलेला पापड असे ठरवून टाकल्यावर 'आज काय करायचे' हा प्रश्नच उरला नाही. लोणावळा, मुळशी आणि महाबळेश्वरच्या रिसॉर्टवरच्या चार शनिवार-रविवारी मिळून वर्षाला साठ हजार रुपये जात होते, म्हणजे जवळजवळ एका छोट्या सफरीचा खर्च. आता त्या रविवारी आम्ही डबा घेऊन सिंहगड चढतो. जिथे मनापासून आनंद मिळतो तिथे मात्र हात आखडू नये. दिवाळी अंकांची खरेदी आणि मुलीचा गायनाचा क्लास यांना आम्ही कधी हात लावला नाही.

यापुढची पायरी बहुतेकांकडून चुकते. टाळलेला खर्च आपोआप शिल्लक राहत नाही. तो महिनाअखेरीपर्यंत दुसऱ्या कशात तरी विरून जातो. म्हणून पगार जमा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ठरलेली रक्कम वेगळ्या खात्यात जाईल, अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी. छोट्या सफरीसाठी बारा महिन्यांचे आवर्ती ठेव खाते आणि मोठीसाठी चोवीस महिन्यांचे, अशी आमची विभागणी आहे. हे पैसे शेअर बाजारात ठेवू नयेत, कारण सफरीची तारीख आपण ठरवतो पण बाजार कधी पडेल हे आपल्या हाती नसते. सहा महिन्यांच्या घरखर्चाची गंगाजळी, आरोग्य विमा, मुदतीचा आयुर्विमा, निवृत्तीची गुंतवणूक आणि मुलांच्या शिक्षणाची तरतूद यांतून सफरीसाठी एक रुपयाही काढू नये. 'आधी फिरा, मग हप्त्यांनी फेडा' या योजनांपासूनही दूर राहावे. ज्या वर्षी या सगळ्यातून पैसे उरत नाहीत, त्या वर्षी जाऊ नये. आई आजारी होती त्या वर्षी आम्ही गेलो नाही आणि जमा झालेली ठेव पुढच्या वर्षासाठी तशीच ठेवली.

आता जहाजाच्या अर्थकारणाकडे वळू, कारण ते समजले की पुढचे निर्णय सोपे होतात. जहाज अर्धे रिकामे गेले तरी इंधन, कर्मचारी आणि बंदराचा खर्च फारसा कमी होत नाही, त्यामुळे कंपन्या मूळ भाडे उतरवूनही खोल्या भरतात आणि कमाईचा मोठा वाटा जहाजावरच्या विक्रीतून मिळवतात. मद्य, कॅसिनो, स्पा, इंटरनेट, छायाचित्रे, खास उपाहारगृहे आणि बंदरावरच्या सहली ही त्यांची दुकाने. भाड्यात राहणे, मुख्य भोजनगृहातले जेवण, बहुतेक कार्यक्रम आणि प्रवास आलेला असतो. जो प्रवासी यातच मनापासून रमतो, त्याला क्रूझसारखी किफायतशीर सुट्टी क्वचित मिळते. जो रोज संध्याकाळी कार्डावर सही करत राहतो, त्याचे अखेरचे बिल भाड्याच्या बरोबरीला येऊ शकते.

भाडे बहुधा एका खोलीत दोघे राहतील असे धरून माणशी सांगितलेले असते. त्याच खोलीतल्या तिसऱ्या आणि चौथ्या माणसाला ते बरेच कमी पडते, तर एकट्याला अनेकदा दोघांचे भाडे भरावे लागते. त्यावर बंदर शुल्क, कर आणि सेवाशुल्क चढते, म्हणून तुलना नेहमी अंतिम रकमेची करावी. आम्ही खिडकी नसलेली आतली खोली घेतो. खोलीत दिवा मालवला की अगदी मिट्ट काळोख होतो आणि सकाळ झाल्याचे घड्याळ पाहूनच कळते, हे खरे आहे. पण पहाटे साडेपाचला चपला अडकवून वरच्या डेकवर गेले की फळ्या ओल्या असतात, एखादा कर्मचारी कठड्यावरचे मीठ फडक्याने पुसत असतो आणि पूर्वेकडे समुद्र व आकाश यांच्यामध्ये राखाडी पट्टा उजळू लागतो. बाल्कनीवाल्या खोलीतल्या प्रवाशालाही हाच सूर्योदय दिसतो. ज्यांना बोट लागते त्यांनी मात्र खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली खोली मागून घ्यावी, कारण तिथे हेलकावे कमी जाणवतात. खोली कंपनीने निवडायची या अटीवर भाड्यात सूट मिळत असली, तरी अशा माणसाने ती घेऊ नये.

तारखांच्या बाबतीत दिवाळीचा आठवडा, नाताळ ते नववर्ष आणि मे महिना हे दिवस सर्वांत महाग. मुले शाळेत जाणारी असली तरी मधल्या आठवड्यातली दोन-तीन रात्रींची सफर एखाद्या जोडसुट्टीला लागून बसवता येते आणि ती शनिवार-रविवारच्या सफरीपेक्षा बहुधा स्वस्त पडते. ज्यांची मुले मोठी झाली आहेत त्यांच्याकडे तर तारखांचे सगळेच स्वातंत्र्य असते, आणि सफरीचा खर्च कमी करणारी याहून मोठी सवलत कोणतीच नाही.

पहिल्या अनुभवासाठी पुणेकरांना मुंबई सोयीची आहे. कॉर्डेलिया क्रुझेसचे 'एम्प्रेस' हे जहाज २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरी करत आले आहे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, म्हणून ऑक्टोबर ते मे हाच काळ धरावा. पुण्याहून गाडी नेली तर द्रुतगती मार्गाचा टोल, इंधन आणि मुंबईतले पार्किंग असा विनाकारण खर्च वाढतो. त्याऐवजी सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन धरावी. ती साडेदहाच्या आत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते आणि तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. गाडीतले कटलेट खाऊन दुपारच्या जहाजासाठी वेळेत रांगेत उभे राहता येते.

परदेशी सफरीत काही खर्च आधीच धरावे लागतात. भारतातल्या कंपनीकडून परदेश सहलीचे पॅकेज घेतले की त्यावर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून आगाऊ घेऊन सरकारकडे भरलेला कर, आकारला जातो. ऑक्टोबर २०२३ पासून सात लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के असा दर होता, एप्रिल २०२५ मध्ये ती मर्यादा दहा लाखांवर नेण्यात आली. अर्थसंकल्पागणिक हा दर बदलत असल्याने आपल्या नोंदणीच्या वर्षीचा दर विचारून घ्यावा. ही रक्कम आयकरात वळती होते, म्हणून ती खर्च नव्हे. पण ती काही महिने अडकून पडते, हे ठेवीचे गणित करताना विसरू नये. नोकरदारांना ती आपल्या कंपनीला कळवून पगारातल्या टीडीएसमध्येही समायोजित करून घेता येते. सिंगापूरहून निघून तिथेच परतणाऱ्या सफरीसाठी व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे तपासावे आणि पारपत्राची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. प्रवास विम्यात क्रूझचा समावेश असल्याची खात्री करावी, कारण जहाजावरचा दवाखाना फार महाग असतो. विमान एक दिवस आधीचेच घ्यावे. हॉटेलची ती एक रात्र वाचवण्याच्या नादात विमानाला उशीर झाला, तर जहाज थांबत नाही आणि सगळेच पैसे बुडतात.

जहाजावरचा आमचा सर्वांत महाग धडा फोनचा आहे. पहिल्या सफरीत माझा फोन खिशात नेहमीसारखाच चालू राहिला, त्याने जहाजावरचे नेटवर्क पकडले आणि घरी आल्यावर चार हजारांहून अधिक बिल आले. तेव्हापासून धक्का सोडण्याआधी तिघांचेही फोन विमान मोडवर जातात. शाकाहारी किंवा जैन जेवण हवे असेल तर नोंदणी करतानाच सांगावे आणि पहिल्या रात्री मुख्य भोजनगृहातल्या वाढप्याला पुन्हा सांगावे. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःहून विचारतो आणि वेगळ्या उपाहारगृहाचे पैसे पडत नाहीत. कर्मचाऱ्यांचे सेवाशुल्क मात्र कधीही बिलातून काढून टाकायला सांगू नये. आपली खोली दिवसातून दोनदा आवरणारा माणूस महिनोन्महिने घरापासून दूर असतो आणि त्याच्या मिळकतीचा मोठा भाग त्यातून येतो. जिथे काटकसर करायची ती जागा ही नाही.

बंदरावरच्या सहलींचा निर्णय बंदर पाहून घ्यावा. सिंगापूरच्या सफरीत मलेशियातल्या पेनांगला धक्क्यावरून उतरले की २००८ पासून जागतिक वारसा यादीत असलेले जॉर्ज टाऊन चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे कंपनीच्या सहलीवर पैसे घालवण्याचे कारणच नाही. पोर्ट क्लांग मात्र क्वालालंपूरपासून साधारण चाळीस किलोमीटर दूर आहे. तिथे स्वतंत्रपणे जायचे तर चौघांनी मिळून टॅक्सी करावी किंवा त्या दिवशी जहाजावरच राहून रिकाम्या डेकचा आनंद घ्यावा. आम्ही दुसरा पर्याय निवडला होता आणि मुलीला तो दिवस सगळ्यांत जास्त आवडला. स्वतःहून फिरताना घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावे आणि सुटण्याच्या किमान दीड तास आधी परतावे.

घरी आल्यावर बॅगा रिकाम्या करण्याआधी लाल वही काढावी. ठरवलेला आकडा डावीकडे आणि प्रत्यक्ष झालेला उजवीकडे लिहावा, फरक कुठे पडला ते एका ओळीत नोंदवावे आणि एकूण रकमेला रात्रींच्या संख्येने भागावे. पुढच्या वर्षीची मर्यादा त्याच पानावरून ठरते. मग त्याच आठवड्यात बँकेत जाऊन नवे आवर्ती खाते उघडावे; आमच्या वहीत त्या खात्यापुढे नेहमी पुढच्या बंदराचे नाव लिहिलेले असते आणि ते लिहिण्याचा मान मुलीचा असतो.