जुन्या जीपला फाइव्ह स्पीड टाकताय? आधी ट्रान्सफर केसचं ठरवा

सोलापुरात जुन्या जीपवाल्यांची कमी नाही, कोणाकडं आजोबांची सीजे-३बी आहे, कोणाकडं एमएम ५४०, आणि सगळ्यांचं रडगाणं एकच की गाडी साठच्या वर गेली की इंजिन बोंबलायला लागतं. मग कट्ट्यावर कोणतरी सांगतो "फाइव्ह स्पीड टाक की ओ" आणि डोक्यात किडा शिरतो. पाच गिअरचा गिअरबॉक्स मिळतो, फिटर मिळतो, इंजिनचंसुद्धा जमतं, पण ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडं वाटणारा डबा) विचार सगळ्यात शेवटी, म्हणजे भंगारात जो हाताला लागेल तो. आणि इथंच घोडं पेंड खातं.

माझं मत विचाराल तर निवड मागून पुढं करायची. आधी एक्सल बघा, मग प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसची ताकद एक्सलकडं नेणारा दांडा), मग ट्रान्सफर केस, मग गिअरबॉक्स. लोक बरोबर उलटं करतात आणि शेवटी दोन्ही एक्सल बदलायची पाळी येते, म्हणजे पन्नासचं काम दीड लाखाला.

तर पहिलं काम, गाडीखाली आडवे व्हा आणि हाऊजिंगचा गोळा (एक्सलवरचा फुगीर भाग, डिफ्रेंशियल त्याच्या आत असतं) कुठं आहे ते बघा. विलीज आणि सीजे-३बी मध्ये डाना १८ नावाचा ट्रान्सफर केस येतो (एमएम ५४० चासुद्धा त्याच खानदानातला), त्याचं आउटपुट, म्हणजे जिथं शाफ्ट जोडतात ते तोंड, गिअरबॉक्सच्या सरळ रेषेत नसतं, उजव्या बाजूला सरकलेलं असतं, पुढचं पण आणि मागचं पण. म्हणून या गाड्यांत मागचं डिफ्रेंशियलसुद्धा मधोमध नसतं, उजवीकडं असतं. नंतरच्या बहुतेक ट्रान्सफर केसमध्ये मागचं आउटपुट गिअरबॉक्सच्या लाइनीत सरळ मागं निघतं, फक्त पुढचं एका बाजूला असतं. आता सरळ निघणारा केस आणि उजवीकडं सरकलेलं डिफ्रेंशियल यांना जोडलं तर शाफ्ट आडवा तिरका जाणार, वरून खाली तर तो आधीच तिरका असतो. समजा शाफ्ट २४ इंची आहे आणि आडवा फरक ६ इंच, तर नुसता आडवा कोनच १४ अंशांच्या पुढं जातो, त्यात खालचा ३ इंचांचा उतार धरला की १६ अंश. सीजे-३बी चा व्हीलबेस मुळातच ८० इंच, त्यात लांब गिअरबॉक्स बसवला की शाफ्ट अजून आखूड, कोन अजून मोठा. मग गाडी पन्नासला थरथरायला लागते, शाफ्टचा सांधा म्हणजे क्रॉस दर दोन महिन्याला जातो, आणि मालक बॅलन्सिंगवाल्याला शिव्या घालत बसतो ज्याचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो. म्हणून टेप लावून मोजा, आडवं किती, उभं किती, लांबी किती, कागदावर काढा आणि मगच बाजारात जा. पुढच्या एक्सलचं पण तेच, पुढचं डिफ्रेंशियल उजवीकडं असेल तर केसचं पुढचं आउटपुट पण उजवीकडंच पाहिजे. डावीकडं आउटपुट असलेला केस कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्या.

दुसरं, रेशो, म्हणजे इंजिनकडच्या बाजूला किती फेऱ्या झाल्या की चाकाकडच्या बाजूला एक फेरी होते ते. हे गणित करायला कोणालाच आवडत नाही पण मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं, पाच मिनिटं लागत नाहीत. सीजे-३बी ला एक्सल रेशो ५.३८, टायर साधारण २९ इंच उंचीचा धरा. टॉप गिअर सरळ १:१ आणि ट्रान्सफर केस हाय मध्ये (रोजच्या रस्त्याची रेंज) पण १:१, तर ३,००० आरपीएमला स्पीड येतो ७७ च्या आसपास. म्हणजे तुमची गाडी बिघडलेली नाहीये, ती बनवलीच तशी आहे. आता ०.८ चा पाचवा गिअर मिळाला तर त्याच आरपीएमला ९६-९७, पुण्याच्या हायवेला हे चालतंय. लो रेंजचं (चिखल-चढणीला हळू पण जोरात चालवायची) गणित वेगळं, त्यात पहिला गिअर गुणिले ट्रान्सफर केसचा लो गुणिले एक्सल. जुन्या टी-९० थ्री स्पीड गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.७९८, डाना १८ चा लो २.४६, एक्सल ५.३८, गुणाकार ३७. म्हणजे ८०० आरपीएमवर गाडी ताशी ३ किमीने सरकते, माणूस चालतो त्याच्यापेक्षा हळू. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी मध्ये लो १.९७ होता आणि एक्सल ४.८८, तिथं हाच गुणाकार साडेपंचवीसच्या आसपास येतो, आणि त्या गाड्या युद्ध करून आल्या. फाइव्ह स्पीडचा पहिला गिअर ३.९ असेल तर डाना १८ सोबत तुम्ही आपोआप ५१ च्या पुढं जाता. मग आणखी खाली लो असलेला केस कशाला पाहिजे हे मला कळत नाही. आपल्याकडं दगडावर चढायचंय कुठं? आपला खरा वैरी काळी माती, पाऊस पडला की टायरला चिकटून एकेक चाक दुप्पट जाड होतं, आणि तिथं चाक थोडं फिरून माती फेकली पाहिजे, फार खालचा गिअर तिथं उलट जागच्या जागी घुसवतो. नेटवर अमेरिकेतल्या लोकांचे १००:१ चे आकडे बघून भुलू नका.

आता जिप्सीचा ट्रान्सफर केस, कारण हा प्रश्न हमखास येतोच. तो गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, मध्ये छोटा शाफ्ट असतो, म्हणून कुठलाही गिअरबॉक्स टाका, अडॅप्टरची (दोन्ही जोडणाऱ्या प्लेटची) भानगड नाही, आणि आउटपुट पण उजवीकडं. ऐकायला एकदम झकास. पण मेख अशी की त्याचा हाय १:१ नाहीये. १.३ लिटरवाल्या जिप्सीत हाय १.४०९ आणि लो २.२६८, एक लिटरच्या जुन्या जिप्सीत तर हाय १.५८० आणि लो २.५११. म्हणजे ५.३८ च्या एक्सलला हा केस लावला तर ७७ चा स्पीड थेट ५५ वर येतो, आणि पाचवा गिअर टाकून पण ६८-६९. ज्या दुखण्यासाठी ऑपरेशन केलं तेच दुखणं वाढवून घेतलं की. हा केस लावायचाच असेल तर क्राऊन-पिनियन (एक्सल रेशो ठरवणारे गिअर) ३.८ च्या आसपास पाहिजे, तेव्हा हायचं गणित मूळ गाडीएवढं होतं, पण मग लो रेंज बरीच हलकी होते. शिवाय ताकदीचा मुद्दा. जिप्सीच्या १,२९८ सीसी पेट्रोलचा टॉर्क १०३ न्यूटन मीटरच्या आसपास, पहिल्या गिअरमध्ये ट्रान्सफर केसवर पावणेचारशे येतो. आणि तुम्ही जर जुन्या थार सीआरडीईचं डिझेल इंजिन टाकणार असाल तर त्याचा टॉर्क २४७, पहिला गिअर ४ धरला तर हजाराच्या जवळ. जिप्सीच्या केसला तेवढं झेपायचं नाही, आज नाही तर उद्या दात उडणार. छोटं पेट्रोल इंजिन असेल आणि एक्सल पण बदलणार असाल तरच तिकडं बघा.

चेनवाला की गिअरवाला यावर वाद घालणारे भरपूर आहेत. थोडक्यात सांगतो, थार, स्कॉर्पिओ अशा नंतरच्या गाड्यांतले केस चेनवाले, ॲल्युमिनियमचे, हलके आणि आवाज कमी. जुना डाना १८ लोखंडी, आत सगळे गिअर, आणि हाय मध्ये असतानासुद्धा ताकद मधल्या गिअरमधूनच जाते म्हणून तो कायम कुईं करत राहतो, नवा कोरा असला तरी. तो आवाज सहन होत नसेल तर ही गाडीच तुमची नाही. चेनवाला घेणार असाल तर हाताने लिव्हर टाकायचा घ्या. मोटरवर शिफ्ट होणारा केस भंगारात स्वस्त दिसतो, पण मोटर, वायरिंग, कंट्रोल युनिट, स्विच हे सगळं सोबत आलं नाही तर तो नुसता पेपरवेट.

माझ्या अंदाजाने दहातल्या सात गाड्यांना बरोबर उत्तर असतं तोच डाना १८ नीट रिबिल्ड करून नवीन गिअरबॉक्सला अडॅप्टर प्लेटने जोडायचा. एक्सल तेच, हाऊजिंगची बाजू तीच, शाफ्ट फक्त कापून बॅलन्स करायचा. पण डाना १८ म्हणजे एकच वस्तू नाही हे लक्षात ठेवा. मधल्या गिअरचा शाफ्ट सुरुवातीच्या केसमध्ये पाऊण इंची होता, मग १-१/८ आला, नंतर १-१/४. जाड शाफ्टवाला शोधा. गिअरबॉक्सकडचं बेअरिंगचं भोकपण दोन मापाचं येतं, लहान आणि ४ इंची. अडॅप्टर बनवताना ते भोक आणि गिअरबॉक्सचा मेनशाफ्ट एका सेंटरला आले पाहिजेत, नुसते बोल्ट बसले म्हणजे झालं नाही. एमआयडीसीत अक्कलकोट रोडला चांगले टर्नर आहेत, पण त्यांच्याकडं दोन्ही वस्तू घेऊन जा, फोटो आणि तोंडी माप देऊन प्लेट करायला सांगू नका. आणि प्लेट जेवढी जाड तेवढा मागचा शाफ्ट आखूड, हे वरच्या कोनाच्या गणितात आधीच धरा.

सेकंडहँड केस घेताना काय बघायचं. डाना १८ चं खालचं पॅन खोलायला लावा, दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. मधल्या गिअरचे दात हाताने चाचपा, कडा चाकूसारख्या झाल्या असतील तर गिअर खाल्लेला आहे. मग त्या गिअरला धरून वर-खाली हलवा, बेअरिंगची झीज असेल तर बेअरिंग बदलून भागतं, पण शाफ्ट केसच्या भोकातच डुगडुगत असेल तर भोक मोठं झालंय, तिथून ऑइल गळतच राहणार, तो केस सोडा. टू व्हील, फोर हाय, न्यूट्रल, फोर लो सगळं टाकून हाताने फिरवून बघा. चेनवाल्यात आउटपुट हाताने थोडं उलट-सुलट फिरवून चेन किती ढिली आहे ते कळतं. बाहेरून ऑइल पेंट मारून चकाचक केलेला केस असेल तर मला तरी आधी संशय येतो.

आता एक गोष्ट जी बहुतेकांना गाडी रस्त्यावर आल्यावर कळते. विलीज आणि सीजे-३बी मध्ये हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या आउटपुटवर असतो. केस बदलला की हँडब्रेक गेला. मग मागच्या चाकांवर केबलचा हँडब्रेक बसवायचा खर्च वेगळा, तो आधीच धरून ठेवा. स्पीडोमीटरची केबलपण तिथूनच निघते. डाना १८ ठेवला तर हे दोन्ही वाचतं, आणि मागच्या पीटीओच्या (बाहेरचं यंत्र चालवायला ताकद काढायची जागा) तोंडाला ओव्हरड्राइव्ह (त्याच आरपीएमला जास्त स्पीड देणारा जादा गिअर) बसवायची सोयपण राहते. अमेरिकेत वॉर्नचे असे ओव्हरड्राइव्ह यायचे, एखादा चुकून मिळाला तर गिअरबॉक्स बदलायचीच गरज नाही.

कागदपत्रांचं पण बघा. इंजिन बदलणार असाल तर आरटीओची आधी परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. गाडी १५ वर्षांच्या पुढची असणारच, फिटनेसला नेल्यावर इन्स्पेक्टरने खाली वाकून बघितलं आणि नंबर जुळला नाही की फेऱ्या सुरू. काम काढायच्या आधी एमएच-१३ च्या ऑफिसात जाऊन विचारून या.

बसवून झालं की लगेच तुळजापूर घाटात पळवू नका. डाना १८ ला ९० चं गिअर ऑइल, चेनवाल्या बहुतेक केसना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल), त्या केसच्या मॅन्युअलप्रमाणे भरा, सरसकट ९० ओतू नका. आधी गाडी चारी चाकं उचलून स्टँडवर ठेवून सगळे गिअर फिरवा, मग जवळच्या हिप्परग्यापर्यंत जाऊन या आणि परत आल्या आल्या केसवर हात ठेवून बघा. गरम लागणारच, आपल्याकडच्या उन्हात तर लागणारच, पण हात ठेवताच येत नसेल तर बेअरिंग जास्त घट्ट बसलंय, शिम (बेअरिंगचा घट्टपणा ठरवणारी पातळ चकती) बदला. नंतर अडॅप्टरचे बोल्ट परत एकदा टॉर्क रेंचने आवळा, पहिल्या फेरीनंतर ते थोडे बसतात.