जुडी बांधणारे हात: पावसाळ्यात वाडीवर धुण्याची सोय

मुंबईच्या उत्तर टोकाला, गोराई-मनोरीकडच्या वाड्यांवर पावसाळी पालेभाजीची काढणी आणि जुडी बांधणी हातानेच होते. माठ, अळू घरी शिजतात. मुळा आणि कोथिंबीर मात्र कच्ची खाल्ली जाते, तिथे हात धुण्याकडे आधी लक्ष द्या.

नळ दोन हवेत: एक शौचालयापाशी, दुसरा जुडी बांधतात त्या शेडच्या तोंडाशी. लांबच्या नळावर कुणी जात नाही. जुडीवर मजुरी असली की प्रत्येक फेरी कामगाराच्या खिशातून जाते, त्यात आळस कसला?

दहा माणसं, प्रत्येकी चार वेळा, दर वेळी एक लिटर, म्हणजे दिवसाला ४० लिटर. ५० लिटरचा झाकणाचा ड्रम दोन फुटी ओट्यावर ठेवा आणि तोटी तळापासून चार बोटं वर बसवा, म्हणजे गाळ हातावर येत नाही. विहिरीचं पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, नाहीतर क्लोरीन गाळावरच खर्ची पडतो. निवळलेल्या हजार लिटरला ताजी ब्लीचिंग पावडर ५ ग्रॅम पुरते. एका ड्रमपुरती इतकी थोडी पावडर मोजता येत नाही, म्हणून मोठ्या टाकीतच मिसळा. पावडर आधी बादलीत कालवा, चुना खाली बसला की वरचं नितळ पाणी तेवढं टाकीत ओता. अर्ध्या तासाने क्लोरोस्कोपच्या (पाण्यातला क्लोरीन तपासायच्या संचाच्या) नळीत फिकट पिवळा रंग दिसायला हवा. दिसला नाही तर बहुधा पावडर ओल धरून निकामी झाली आहे. डबा घट्ट बंद ठेवा.

साबणाची वडी जाळीच्या पिशवीत, पत्र्याखाली टांगा. हात २० सेकंद चोळायचे, नखं आणि बोटांच्या बेचक्यांसकट. तंबाखू मळल्यावरही धुवायचे. हे कुणाच्या लक्षात येत नाही. चिखलाच्या हातावर सॅनिटायझर चालत नाही. सगळ्यांनी मिळून एकच ओला पंचा वापरू नये, हात हवेत वाळू द्या.

किनाऱ्यालगत जमिनीतलं पाणी वर आल्यावर शोषखड्डा तुंबतो. सांडपाणी पाइपने केळीच्या आळ्यात सोडा, विहिरीकडे किंवा भाजीच्या वाफ्यात नको.

उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) पसरतो तो याच दिवसांत. हाताला चीर असेल तर धुवून वॉटरप्रूफ पट्टी लावा, वर रबरी हातमोजे. मोजेही हातासारखेच साबणाने धुवायचे. साचलेल्या पाण्यात काम केल्यानंतर ताप, अंगदुखी आली तर लगेच दवाखाना गाठा आणि पाण्यात काम केल्याचं डॉक्टरांना सांगा.