‘बाई, पुस्तकात आसं नव्हतं!’ : वाचलेल्या गोष्टीचा पिक्चर लेकरांना कसा दाखवावा

मी परभणी जिल्ह्यात, सेलूजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत मराठी शिकवते. शनिवारी आमची सकाळची शाळा असते आणि शेवटचा तास कुणालाच नको असतो. तो मी मागून घेतला आणि सातवीला गोष्टीची पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवू लागले. एका वर्षी हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाचं मराठी भाषांतर घेतलं. जुलैत धरलेलं पुस्तक दिवाळीच्या तोंडावर संपलं. चौदा शनिवार लागले. त्याचं बक्षीस म्हणून २००१ चा पिक्चर हिंदीतून लावला. खिडक्यांना सतरंज्या बांधल्या, चुरमुऱ्यांचा चिवडा वाटला. मध्ये वीस मिनिटं लाईट गेली तरी एक लेकरू जागचं हललं नाही.

पिक्चर संपला आणि वर्गात दोन तट पडले. अर्धी लेकरं खराटे पायांत धरून व्हरांड्यात उडत होती. बाकीची फुगून बसली होती, आणि एक पोरगी चक्क रडत होती. मी तिला म्हणाले, “अगं, पिक्चर आहे तो. एवढं काय मनाला लावून घ्यायचं!”

ही माझी चूक. ती कशासाठी रडतेय हे मी विचारलंच नाही. सोमवारी तिनंच येऊन सांगितलं, “बाई, रॉनचं बुद्धिबळ ठिवलं. हॅरीची उडती किल्ली ठिवली. मग हर्मायनीच्या बाटल्या कामून काढल्या?”

रॉन आणि हर्मायनी हे हॅरीचे सोबती. बाटल्यांचं सांगायलाच हवं. पुस्तकाच्या शेवटाकडं एक कोडं आहे. सात बाटल्या. तिनांत विष, दोनांत साधी दारू, एक प्यायली की पुढं जाता येतं आणि एक प्यायली की मागं. कुठली कोणती, हे सोबतच्या कवितेवरून ओळखायचं. तिथं जादू कामाची नाही, नुसतं डोकं चालवायचं. हर्मायनी ते चालवते. पुस्तकात बाटल्यांचं चित्र नाही, त्यामुळं सगळ्यात मोठी आणि सगळ्यात बुटकी कितव्या जागेवर आहे ते कळत नाही आणि वाचणाऱ्याला कोडं पुरतं सुटत नाही. म्हणून मी घरून सात बाटल्या नेल्या होत्या: खोबरेल तेलाची, गुलाबपाण्याची, काकवीची, खोकल्याच्या औषधाच्या दोन, शाईची आणि एक डोळ्यांत घालायच्या थेंबांची. ओळ लावताना मीच दोनदा चुकले. अख्ख्या वर्गात सगळ्यात आधी उत्तर काढलं ते याच पोरीनं. पिक्चरमध्ये बाटल्यांची ती खोलीच नव्हती, आणि मी तिला म्हणत होते मनाला लावून घेऊ नको.

त्यानंतर दरवर्षी थोडं थोडं शिकत एक रीत बसवली. शिक्षकांना, आईबापांना, सुट्टीत भाचरं घेऊन थेटरात जाणाऱ्या मामा-मावश्यांना चालेल अशी आहे.

आधी काय करायचं

पुस्तक संपलं त्याच आठवड्यात पिक्चर दाखवू नका. तेव्हा लेकरं पिक्चर बघत नाहीत, मुद्रितं तपासतात. महिनाभर जाऊ द्या. गोष्ट थोडी मुरते, बारीकसारीक गळून जातं आणि जे खरंच मनात रुतलंय तेवढं उरतं.

त्या महिन्यात चित्रं काढून घ्या. ही पायरी अजिबात गाळू नका. एकदा पिक्चर बघितला की डोक्यातला आपला हॅरी कायमचा जातो, मागं येत नाही. मला स्वतःला हे लहानपणी कळलं. ‘चांदोबा’त विक्रम-वेताळाचं चित्र असायचं: हातात तलवार, खांद्यावर प्रेत घेऊन निघालेला राजा. शंकर नावाच्या चित्रकारानं काढलेलं. १९८५ साली दूरदर्शनवर मालिका आली आणि पांढऱ्या केसांचा तो हसरा म्हातारा बेताल आमच्या डोक्यात येऊन बसला. आज चांदोबाचा अंक हातात घेतला तरी ऐकू येतो त्याचाच आवाज.

तर चित्रं. आमच्या वर्गातल्या एकानं जादूच्या शाळेचा किल्ला काढला तो हुबेहूब देवगिरी. सहलीला नुकताच बघून आला होता. भुयारासारखी ती अंधारी वाट, खाली खंदक, सगळं त्यात होतं. शाळेसमोरचं तळं म्हणून त्यानं आमचं लोअर दुधनाचं धरण काढलं, भरलेलं. चित्राच्या मागं नाव आणि तारीख घालायला लावा आणि चित्रं तुमच्याजवळ ठेवून घ्या. पिक्चर झाल्यावर परत द्या. तो पोरगा आपलं चित्र बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, “आपला किल्ला जास्त भारी हाय, बाई. त्यांच्याकडं अंधारी नाही.”

मग हिशेब. मी मोठ्यानं वाचते तेव्हा एका पानाला साधारण दोन मिनिटं लागतात. तीनशे पानं धरली तर सहाशे मिनिटं, म्हणजे दहा तास. हा पिक्चर दोन तास बत्तीस मिनिटांचा. हे फळ्यावर लिहा आणि वर्गाला सांगा, आता तुम्ही दिग्दर्शक, साडेसात तास कापा. पहिली पाच मिनिटं कुणी काही कापू देत नाही. मग भांडणं लागतात, आणि भांडता भांडता लेकरं निर्दयपणे कात्री चालवतात. पीव्हज नावाचं ते उपद्रवी भूत माझ्या दोन्ही वर्गांनी एकमतानं उडवलं. ते आठही पिक्चरमध्ये नाही, हे त्यांना नंतर कळलं, तेव्हा चिडायला तोंड उरलं नव्हतं.

बघताना

यात फार काही नाही. वाचलेली लेकरं मागं बसवा, न वाचलेली पुढं. ‘आता बघ काय हुतंय’ म्हणणाऱ्याला दारापाशी बसवा. हिंदी डबिंगमध्ये नावं आणि मंत्र वेगळे ऐकू येतात तेवढं आधी सांगून ठेवा. आणि मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही. सगळ्यात जास्त बडबड मोठीच करतात.

संपल्यावर

‘आवडला का?’ हा प्रश्न त्या दिवशी विचारू नका. विचारलात की हो-नाहीत उत्तर येतं आणि लेकरू त्या उत्तराला चिकटून बसतं. घरी जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी वही काढा. आमच्याकडं तिला तक्रारवही म्हणतात. तिच्यात तीन खाने असतात: गाळलं, घुसडलं, बदललं. प्रत्येक तक्रार कुठल्या खान्यात जाते ते तक्रार करणाऱ्यानं ठरवायचं आणि पुढं एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायचं: मग बिघडलं काय?

सगळं काम हा प्रश्न करतो. हॅरीच्या डोळ्यांचं उदाहरण घ्या. पुस्तकात डोळे हिरवे, पडद्यावर निळे. रंगीत लेन्सचा त्या मुलाला त्रास झाला म्हणून हिरव्याचा नाद सोडून दिला. लेकरांनी हे ‘बदललं’मध्ये टाकलं. मी विचारलं, बिघडलं काय? बराच वेळ कुणी बोलेना. मग एक जण म्हणाला, हिरवे का निळे याला महत्त्व नाही, पुस्तकात सारखं येतं ते ‘आईसारखे डोळे’. आईचेही निळे दाखवले तर चालतंय की! बरोबर बोलला. पण २०११ च्या शेवटच्या पिक्चरमध्ये आईचं लहानपण दाखवलंय, आणि त्या पोरीचे डोळे तपकिरी आहेत. म्हणजे रंगाची तक्रार फुसकी आणि न जुळण्याची तक्रार पक्की. वरवर दोन्ही सारख्याच वाटतात.

‘ओझ’ नावाच्या जादूच्या देशात जाणाऱ्या डोरोथीच्या गोष्टीतही असंच. १९०० सालच्या पुस्तकात डोरोथीचे बूट चांदीचे आहेत. १९३९ च्या पिक्चरमध्ये ते लाल झाले, कारण टेक्निकलर या रंगीत पिक्चरच्या तंत्राचा झगमगाट दाखवायचा होता. बुटांवर वर्गात कुणी हुं की चूं केलं नाही. पण पुस्तकात ओझ खरंच असतं आणि पिक्चरमध्ये ते डोक्याला मार लागल्यावर पडलेलं स्वप्न निघतं, हे सांगितल्यावर गदारोळ झाला. “म्हंजे ती कुठं गेलीच नाही?” एवढंच एका पोरीनं विचारलं. मी तिची तक्रार जशीच्या तशी वहीत उतरवून घेतली.

‘घुसडलं’चा खाना जरा अवघड आहे. माझा भाचा संभाजीनगरला इंग्रजी शाळेत शिकलेला. १९३७ चं ‘द हॉबिट’ त्याला जवळजवळ पाठ. त्या एका पुस्तकाचे २०१२, २०१३ आणि २०१४ असे तीन पिक्चर निघाले आणि त्यात टॉरिएल नावाची एक लढवय्यी घातली, जी पुस्तकात नाहीच. भाचा आजही त्या नावानं पेटतो. मी वर्गात हे सांगितलं आणि नाथांची आठवण काढली. पैठणला एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लोकांनी मध्ये मध्ये आपल्या ओव्या घातल्या होत्या. नाथ म्हणाले, यात जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा. वर्गाला नरोटी भलतीच आवडली. तेव्हापासून आमच्या वहीत दुसऱ्या खान्याला घुसडलं न म्हणता नरोटी म्हणतात.

पण मागच्या बाकावरून प्रश्न आला: “बाई, गीतेचे श्लोक सातशे. माउलींनी नऊ हजार ओव्या केल्या. मग ती नरोटी का नाही?” मला लगेच उत्तर सुचलं नाही. घंटेनं वाचवलं. पुढच्या शनिवारी मी म्हणाले, माउलींनी आपलं म्हणून वेगळं सांगितलं, नाव लपवलं नाही. ज्यांनी ओव्या घुसवल्या त्यांनी माउलींच्या नावावर खपवल्या. पोरांना ते अर्धंच पटलं. मलाही.

लेखकाचं मत शेवटचं धरायचं का, हाही प्रश्न येतो. मी दोन गोष्टी सांगते. मिखाएल एंडे या जर्मन लेखकाच्या १९७९ च्या ‘नेव्हरएंडिंग स्टोरी’वर १९८४ साली पिक्चर आला. तो बघून एंडे इतका संतापला की आपलं नाव काढून टाका म्हणाला, कोर्टातही गेला, आणि हरला. लेकरं मात्र त्या पिक्चरच्या पांढऱ्या केसाळ ड्रॅगनवर जीव टाकत राहिली. उलट डायना विन जोन्सच्या ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’वर जपानच्या मियाझाकीनं २००४ मध्ये पिक्चर काढला, त्यात युद्ध वाढवलं, हाउलचं वेल्समधलं घरच काढून टाकलं, तरी लेखिकेला तो आवडला. यापुढं मी काही बोलत नाही. कुणाच्या बाजूनं उभं राहायचं ते लेकरं आपापलं ठरवतात.

आणि ज्यांनी पुस्तक वाचलेलंच नाही, पिक्चर बघून खूश आहेत, त्यांना हिणवू देऊ नका. वाचलेल्यांना याची फार सवय लागते. आमच्याकडं नियम आहे, ज्याला तक्रार करायची त्याच्यावर आवडलेली एक गोष्ट सांगायची सक्ती. त्या बाटल्यावाल्या पोरीनं बुद्धिबळ सांगितलं. म्हणाली, पुस्तकात वाचताना दगडाचे मोहरे एवढे मोठे फुटतील असं वाटलं नव्हतं.

मोठ्यांसाठी

वरची सगळी रीत लेकरांवर चालते. मोठ्यांवर चालेलच असं नाही. २०१७ मध्ये ‘फास्टर फेणे’चा पिक्चर आला तेव्हा मी माझ्या दादाला घेऊन गेले. जादूची गोष्ट नाही ती, पण भा. रा. भागवतांची ती पुस्तकं वाचून आमचं बालपण गेलंय, त्यामुळं मला फरक वाटत नाही. पडद्यावर बन्या फेणे चांगला मोठा तरुण, हातात मोबाईल, अमेय वाघ. दादा पहिल्या दहा मिनिटांत पुटपुटायला लागला, “हा कुठला बन्या? बन्या शाळेत जातो.” त्याच्या डोक्यात बन्या म्हणजे दूरदर्शनवरचा सुमीत राघवन, तोही शाळकरीच. दिलीप प्रभावळकर भागवतांच्या नावानं पडद्यावर आले तेव्हा तो गप्प झाला. फेणेचं ते ‘ट्टॉक’ ऐकून हसलाही. बाहेर आल्यावर चहाच्या गाड्यावर मात्र पुन्हा सुरू.

मी त्याला तक्रारवही दिली. त्यानं ‘बदललं’मध्ये वय लिहिलं. ‘मग बिघडलं काय’च्या पुढं पेन टेकवून बसला. चहा गार झाला. शेवटी लिहिलं: ‘मी पण मोठा झालो.’ वही परत केली आणि पैसे द्यायला उठला. असं झालं तर त्यांना एकटं सोडा, दुसरा चहा सांगा.

यंदा पुन्हा तेच पुस्तक सातवीला धरलंय. बाटल्यांचा शनिवार जवळ आलाय आणि कपाटातल्या सातांतली डोळ्यांच्या थेंबांची कुणीतरी फोडली. सगळ्यात बुटकी तीच होती, तिच्यावाचून ओळ लागत नाही. कुणाच्या घरी रिकामी पडली असेल तर धुऊन ठेवा, मी सेलूच्या बाजाराला आले की घेऊन जाईन.