गावाहून नवी मुंबईत एकटीने राहायला येताना

गावात बसून फोनवर खोली ठरवू नका आणि डिपॉझिट तर मुळीच पाठवू नका. आधी कामाची जागा पक्की होऊ द्या. तोवरचे आठ-दहा दिवस नात्यातल्या कुणाकडे किंवा मुलींच्या पीजीत (पेइंग गेस्ट म्हणून) काढता येतात. नोकरी लावून देतो म्हणत ‘रजिस्ट्रेशन’चे पैसे मागणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

खोली बघताना किलोमीटर मोजू नका, रेल्वेची लाइन बघा. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे ही ट्रान्स-हार्बर लाइन. तुर्भ्याच्या पुढे काही गाड्या वाशीला वळतात, काही नेरूळ-पनवेलकडे जातात, म्हणून चढण्याआधी इंडिकेटर वाचायचा. सकाळी ठाण्याहून ऐरोली-घणसोलीकडे तोबा गर्दी असते. काम ऐरोलीत असेल तर कोपरखैरणे किंवा नेरूळला राहावं, म्हणजे जाता-येता गर्दी उलट दिशेच्या गाडीला. ठाण्यातच राहा म्हणणारे बहुधा सकाळी तिथल्या ९-१० नंबरच्या फलाटावर उभे राहिलेले नसतात.

सेकंड क्लासचा पास लेडीज डब्यात चालतो. तिमाही पास स्वस्त पडतो, तरी पहिल्यांदा महिन्याचाच काढा. खोली बदलली तर पैसे अडकत नाहीत. रविवारी बाहेर पडण्याआधी मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) आहे का ते बघावं.

पत्ता घेताना नुसता सेक्टर पुरत नाही. सेक्टर ७ ऐरोलीत आहे, वाशीत आहे, नेरूळमध्येही आहे. रिक्षावाल्याला आधी नोड (म्हणजे ऐरोली, वाशी असा भाग), मग सेक्टर सांगायचा.

घणसोली गाव, गोठिवली, तळवली इथल्या गावठाणातल्या खोल्या सेक्टरमधल्या इमारतींपेक्षा स्वस्त मिळतात. तिथे पाणी किती वाजता येतं, विजेचा मीटर वेगळा आहे का आणि गल्लीत गाडी शिरते का, हे शेजारणीला विचारा. घरमालक सगळ्याला हो म्हणतो. गाडीचा प्रश्न रात्रपाळीला नडतो. रात्री साडेनऊनंतर काम करून घ्यायचं तर मुलीची संमती आणि घराच्या दारापर्यंत वाहन हवं, असं राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा सांगतो. गल्ली अरुंद असली की ड्रायव्हर मेन रोडलाच उतरवून मोकळा होतो.

भाड्याच्या खोलीचा ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घ्या. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, हे मालकाला शांतपणे ऐकवलं की काम हलतं. पीजीत करार सहसा मिळत नाही. तिथे डिपॉझिट ऑनलाइन द्यावं आणि ते कधी, किती कापून परत मिळेल हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावं.

मार्कशीट आणि दाखल्यांच्या मूळ प्रती कंपनीला फक्त दाखवायच्या, ठेवायला द्यायच्या नाहीत. रेशनकार्डावरचं नाव कमी करायची घाई नको. ‘वन नेशन वन रेशन कार्ड’ योजनेत कार्ड आधारला जोडलेलं असेल तर इथल्या दुकानातही अंगठा देऊन धान्य उचलता येतं.