लंडनमध्ये अब्रूनुकसानीचा दावा लावण्याआधी

आधी तारीख बघा. इंग्लंड-वेल्समध्ये मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात दावा दाखल करावा लागतो. त्याच प्रकाशकाने तोच मजकूर पुन्हा टाकला, तरी मुदत सहसा पहिल्या तारखेपासूनच मोजतात.

२०१३ च्या कायद्यानुसार प्रतिष्ठेची 'गंभीर हानी' वादीनेच दाखवायची. शब्द बोचरे आहेत एवढ्याने भागत नाही; प्रत्यक्ष परिणाम काय झाला ते बघायचे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. म्हणून हातचे गेलेले करार, रद्द झालेले कार्यक्रम यांची कागदपत्रे लगेच गोळा करा.

मजकूर खरा आहे हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र प्रतिवादीची. नामवंत मंडळी फसतात ती इथेच. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. पारडे जरा झुकले तरी पुरते. पत्नीला मारहाण करणारा म्हटल्याबद्दल हॉलिवूड अभिनेते जॉनी डेप यांनी 'द सन' या वृत्तपत्रावर दावा लावला. वृत्तपत्राने मांडलेल्या मारहाणीच्या १४ पैकी १२ प्रसंग न्यायाधीशांनी खरे धरले, नोव्हेंबर २०२० मध्ये दावा फेटाळला आणि त्याच आठवड्यात डेप यांच्या हातून मोठी चित्रपटमालिका गेली.

नोटीस पाठवण्याआधी स्वतःचा फोन वकिलासमोर ठेवा. व्हॉट्सअॅप, ईमेल, मॅनेजरशी झालेले बोलणे, सगळे. दाव्याशी संबंधित मजकूर समोरच्याला दाखवावाच लागतो, आणि भर कोर्टात वाचला गेलेला संदेश वृत्तपत्रे बिनधास्त छापू शकतात. वार्तांकन अचूक असेल तर त्यावर नवा दावा लागत नाही. जे झाकायचे होते तेच चव्हाट्यावर येते.

काहीही पुसू नका. रिबेका वार्डी आणि कोलीन रूनी या दोघी इंग्लिश फुटबॉलपटूंच्या पत्नी. आपल्या खासगी गोष्टी वार्डींच्या खात्यातून वृत्तपत्राला पुरवल्या जातात, अशी पोस्ट रूनींनी टाकली, म्हणून वार्डींनी दावा लावला. त्या खटल्यात वार्डींचे चॅट नाहीसे झाले, त्यांच्या एजंटचा फोन उत्तर समुद्रात पडला. हे मुद्दाम झाले असावे, असे न्यायमूर्ती स्टेन यांनी जुलै २०२२ च्या निकालात म्हटले. रूनींची पोस्ट मुळात खरी ठरली. वार्डींवर रूनींच्या खर्चाचा ९० टक्के भार आला. त्यातले ८ लाख पौंड तर आधीच भरायचे होते. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचाही खर्च द्यायचा, हा तिथला नियम. भरपाईपेक्षा वकिलांचे बिल कितीतरी मोठे होऊ शकते.

फोनमध्ये अडचणीचे काही नसेल, तरच नोटीस पाठवा. नेमके शब्द, त्यांचा तुम्ही लावलेला अर्थ, झालेली हानी आणि मागणी एवढे त्यात हवे. उत्तराला साधारण १४ दिवस मिळतात. तेवढ्यात दुरुस्ती आणि माफीचा प्रस्ताव आला, तर अहंकार बाजूला ठेवून तो नीट वाचा. तडजोड झाली की परवानगीने कोर्टात निवेदन वाचून दाखवता येते. तुमचे नाव तिथेच स्वच्छ होते, उलटतपासणीला उभे न राहता.